चिखलदऱ्याला जाणारच होतो: जुनी मिनीबस, हवेचे फुगे आणि एक फुगलेला टायर

श्रीकांतच्या पोटात डायलिसिसची नळी बसवली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात आम्ही सगळ्यात लांब गेलो ते म्हणजे भोपाळमधल्याच सोनागिरीहून न्यू मार्केटपर्यंत. तिथेही तो गाडीतच बसून राहिला. दिवसातून चार वेळा बॅगेतून पोटात औषधी पाणी भरायचं, काही तासांनी ते काढून नवीन भरायचं. त्यासाठी स्वच्छ, बंद खोली लागते. पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत धुतलेले हात. बाहेरगावी अशी खोली कुठून आणायची, या प्रश्नापाशी आमचा प्रत्येक बेत संपायचा.

एक दिवस संध्याकाळच्या बॅगेचं पाणी पोटात उतरत असताना त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. अंगणात आमची मिनीबस उभी होती. "खोली तर आहे की. चाकं लावलेली," तो म्हणाला. "वैजू, मला तुला चिखलदरा दाखवायचाय."

श्रीकांत परतवाड्याचा. लहानपणी गच्चीवरून त्याला चिखलदऱ्याचे डोंगर दिसायचे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. आम्ही दोघं भोपाळच्या कारखान्यात एकाच बॅचचे ट्रेनी. त्यामुळे मी त्याला 'अहो' कधी म्हटलंच नाही, आणि सासूबाईंनी पहिली दोन वर्षं ते फार मनाला लावून घेतलं. तो फॅब्रिकेशनमध्ये, मी क्वालिटीत. त्याने जोडायचं आणि मी तपासून परत पाठवायचं, असा आमचा संसार. शिफ्ट, ओव्हरटाइम, मुक्ताची शाळा, टाउनशिपमधला गणेशोत्सव, यात नोकरी संपली. क्वार्टर सोडून सोनागिरीत घर घेतलं. चिखलदरा राहूनच गेला.

मिनीबस ऐंशीच्या दशकातली. एका ठेकेदाराकडून भंगारच्या थोडं वरच्या भावात घेतलेली. रिटायर झाल्यावर श्रीकांतने तिचं घर केलं: दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, संडासाची कोठडी आणि मागे डाव्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत सागवानी कपाट. ते कपाट म्हणजे त्याचा जीव की प्राण. आरटीओकडून रीतसर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदही करून घेतली. मग मूत्रपिंडांनी संप केला आणि गाडी अंगणात धूळ खात पडली.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "स्वच्छता घरातल्यासारखी राहणार असेल तर मी नाही म्हणणार नाही. पाणी गढूळ दिसलं की तडक जवळचं मोठं हॉस्पिटल." मी मान हलवली. घरी आले आणि पुण्याला मुक्ताला फोन लावला.

"आई, तुम्हाला दोघांना वेड लागलंय का? बाबांना काही झालं तर जंगलात काय करणार तू?"

"इथे काही झालं तर जे करणार तेच."

"शेजारचे तिवारी अंकल पण म्हणत होते की या वयात..."

"तिवारी अंकलना विचारून मी रिटायर झाले नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मलाच भीती वाटायला लागली, हे खरं.

तयारी: पाटे, फुगे आणि टायर

जुन्या गाडीचं घर करून फिरायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी हा भाग नीट वाचावा. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

आमच्या मिनीबसचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, थकले होते. खड्ड्यात गाडी अशी आपटायची की भांड्यांचा आवाज वेगळा आणि श्रीकांतच्या कण्हण्याचा वेगळा. पोटात दोन लिटर पाणी घेऊन बसलेल्या माणसाला असे धक्के परवडत नाहीत. सोनागिरीत ज्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं गाड्या दुरुस्त करून घेतो त्या इरफानभाईंनी एअर सस्पेन्शन सुचवलं. म्हणजे पाटे काढायचे नाहीत. पाटे आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक जाड रबरी फुगा बसवायचा. प्रत्येक फुग्याला हवा भरायचं वेगळं तोंड. गाडीतल्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने हवा कमी-जास्त करता येते.

सामान इंदूरहून आलं, ब्रॅकेट श्रीकांतने स्वतः खुर्चीत बसून आखून दिले. इरफानभाईंनी वेल्डिंग केलं. मी वेल्ड तपासले आणि एक परत करायला लावला.

"भाभीजी, आप रिटायर कब होंगी?" इरफानभाई म्हणाले.

"हो तो गई है, मान नहीं रही," श्रीकांतने उत्तर दिलं.

पहिल्या फेरीत आनंद नगरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी गेली ती झुल्यासारखी. श्रीकांत लहान पोरासारखा हसला. "आता हिला काहीही लादा," तो म्हणाला.

इरफानभाई आणि मी एकदमच बोललो. "नाही," मी म्हटलं. "ना ना, साहब," ते म्हणाले.

फुगे गाडी उचलून धरतात, धक्का मऊ करतात. पण भार कमी करत नाहीत. तो भार अ‍ॅक्सलमधून चाकात आणि चाकातून टायरमध्ये जातोच, आणि टायर किती पेलू शकतो हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. फुगे लावल्यावर तो आकडा बदलत नाही. मी चार नवे टायर घेतले, जास्त प्लायचे म्हणजे जास्त थरांचे, व्यापारी गाड्यांना लागतात तसे. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, तेही बघून घेतले. स्टेपनी मात्र जुनीच ठेवली. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण वयाने ती म्हातारी होती. पंक्चर झालं तर पुढच्या दुकानापर्यंत, एवढाच तिचा उपयोग, असं आमचं ठरलं.

रिकामी गाडी गोविंदपुऱ्याच्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, तोलून आणली. त्यात पाणी, आम्ही दोघं, सामान आणि औषधी पाण्याची खोकी यांची बेरीज केली. त्या खोक्यांना कमी लेखू नका. दिवसाचं आठ लिटर म्हटलं तर आठवड्यात एका माणसाचं वजन होतं. आमचं आठवडाभराचं आणि वर तीन दिवसांचं जास्तीचं होतं. तरी एकूण बेरीज मर्यादेच्या आत आली. मी निश्चिंत झाले.

पहिला दिवस: भोपाळ ते नर्मदापुरम

जानेवारीतली सकाळ. सकाळची बॅग घरी करून निघालो. तिवारी अंकल फाटकाशी स्वेटर-मफलरमध्ये उभे. "भाभीजी, सोच लीजिए," म्हणाले. मी म्हटलं, "सोच लिया." गाडी मी चालवत होते, आणि संपूर्ण प्रवासात मीच चालवली.

मंडीदीपपर्यंत ट्रकच ट्रक. ओबेदुल्लागंजनंतर रस्ता मोकळा झाला, सागाची झाडं सुरू झाली. दुपारची बॅग मी बुधनीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या मागच्या सावलीत केली. काचा बंद, टेबल स्पिरिटने पुसलेलं, छतातल्या हुकाला बॅग टांगलेली. श्रीकांत डोळे मिटून पडला होता. पाणी उतरायला लागलं तसा डोळे उघडून म्हणाला, "घरापेक्षा बरं वाटतंय. घरी समोर भिंत असते." इथे समोर हरभऱ्याचं शेत होतं.

नर्मदापुरमला त्याच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरासमोर गाडी लावली. संध्याकाळी सेठानी घाटावर बसलो. घाटावरचा चहा छान, कचोरी त्याहून छान. श्रीकांतने मिठाच्या पथ्यामुळे कचोरीचा फक्त वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मलाही ती गोड लागेना.

गाडी उभी केल्यावर डावीकडे थोडी कलते, हे त्याला झोपताना जाणवलं. त्याने पंप लावून डाव्या फुग्यात हवा वाढवली. गाडी सरळ झाली. "बघ, काय सोय आहे," तो म्हणाला. मलाही ती सोयच वाटली.

दुसरा दिवस: जिथे थांबायचं नव्हतं तिथे

इटारसी मागे पडली, केसला गेलं, जंगल दाट झालं. सातपुड्यातला हा रस्ता बहुतेक चांगला आहे, पण कामं चालू असलेल्या तुकड्यांत डांबर संपून अचानक खड्डा येतो. शाहपूरच्या थोडं अलीकडे तसाच एक आला. वेग कमी होता. फुग्यांमुळे धक्का फारसा लागलाही नाही. पण आवाज मला आवडला नाही.

पुढचा ढाबा दिसताच थांबले. प्रत्येक थांब्यावर टायरला हात लावून बघायची माझी सवय आहे. तीन कोमट होते. मागच्या डाव्या टायरवरून हात झटकन मागे घ्यावा लागला. वाकून बघितलं तर त्याच्या बाहेरच्या अंगावर लिंबाएवढा फुगवटा आला होता.

नवा टायर. हवा सकाळी थंड असतानाच मोजलेली, बरोबर. मग हा का तापला?

ढाब्यावरच्या पोरांनी जॅक लावून स्टेपनी चढवली. ढाब्याला लागून धान्याच्या व्यापाऱ्याचा धर्मकाटा होता. गाडी हळूहळू तिथवर नेली आणि या वेळी वेगळ्या पद्धतीने तोलली. आधी पूर्ण गाडी. मग फक्त मागची चाकं. मग काट्याच्या कडेला अशी लावली की फक्त मागचं डावं चाक आत राहील. काट्यावरचा माणूस वैतागला. "मॅडम, गाडी तौलनी है कि नचानी है?"

पूर्ण गाडीचं वजन माझ्या बेरजेप्रमाणेच, मर्यादेच्या आत. मागच्या अ‍ॅक्सलचं काठावर. आणि मागच्या डाव्या टायरवर, तो पेलू शकतो त्यापेक्षा बरंच जास्त.

उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. पाण्याची टाकी डावीकडे. बॅटऱ्या डावीकडे. सागवानी कपाट डावीकडे, आणि औषधी पाण्याची सगळी खोकी त्या कपाटात. मी बेरीज बरोबर केली होती, पण कुठे किती ते विचारलंच नव्हतं. गाडी कलून ते सांगत होती, तर आम्ही फुग्यात हवा भरून तिला सरळ उभं केलं. वर जास्त हवेचा तो फुगा स्वतःच त्या कोपऱ्यावर जास्त भार घेत होता.

शाहपुरातल्या टायरवाल्याला ढाब्यावर बोलावलं. तो उत्साहाने टायर घेऊन आला. मी अंगावरचे आकडे वाचले. साइज तीच. प्लाय कमी.

"ये नहीं चलेगा," मी म्हटलं.

"मॅडम, वही साइज है. सब चलाते हैं."

"सब चलाते होंगे. मैं नहीं चलाऊँगी."

तो श्रीकांतकडे वळला. साहेब समजूतदार निघतील अशी त्याची अपेक्षा असावी. आणि श्रीकांत खरंच म्हणाला, "वैजू, लावून टाक. नाहीतर स्टेपनीवरच जाऊ. बैतूल काय लांब आहे?"

"मधे बरेठा घाट आहे."

"हळू जाऊ."

"स्टेपनी तुझ्या-माझ्या ठरावाप्रमाणे दुकानापर्यंतच. घाटात नाही."

योग्य टायर लगेच मिळणार नव्हता. मी इरफानभाईंना फोन केला. त्यांनी आमच्या टायरच्या दुकानदाराशी बोलून पंधरा मिनिटांत उलट फोन केला: टायर आहे, उद्या सकाळच्या बैतूलच्या बसच्या टपावर टाकतो, कंडक्टर ढाब्यावर उतरवेल. म्हणजे रात्र इथेच. श्रीकांतचा चेहरा पडला. नेमका तेव्हाच मुक्ताचा फोन आला, आणि मी अडवायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं.

"मी भोपाळहून टॅक्सी पाठवते," ती म्हणाली. "बाबांना घेऊन परत जा. गाडी राहू दे तिथेच. आई, प्लीज."

"परत नाही," श्रीकांत म्हणाला.

"परत नाही," मीही म्हटलं. "पण चुकीच्या टायरवर पुढेही नाही."

फोन बंद झाल्यावर तो माझ्यावर उखडला. असा उखडलेला मी त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "माझ्याकडे किती वर्षं आहेत तुला माहिती आहे? मी काय टायरची वाट बघत बसू? जीव माझा आहे, धोका मी घेतो!"

"तुझा एकट्याचा नाही. गाडीत मी आहे. आणि घाटात टायर फुटला तर समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याने कुठला धोका घेतला होता? त्याला कोणी विचारलं?"

तो रस्त्याकडे बघायला लागला.

"लोक म्हणाले घरात बसा. आपण नाही ऐकलं," मी म्हटलं. "लोकांचं ऐकायचं नाही म्हणून निघालोय आपण. वजनाचं ऐकायचं नाही असं कुठे ठरलं होतं?"

मग जे सांगायचं होतं तेही सांगून टाकलं. टाकी रिकामी करायची. खोकी पुढे, उजवीकडे, माझ्या सीटच्या मागे बांधायची. आणि कपाट काढायचं.

"कपाट नाही," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

ढाब्यावरची रात्र

ढाबा दुर्गाबाईंचा. मूळच्या मुलताईकडच्या, त्यामुळे मराठी. नवरा गेल्यावर ढाबा विकून टाक म्हणणाऱ्या दिरांना त्यांनी याच अंगणातून घालवून दिलं होतं; हे त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मी मास्क लावून हात धुताना बघून त्यांनी विचारलं, "दादाले काय झालं, बाई?"

मी सांगितलं. त्या उठल्या. बाहेर गेल्या, बादलीभर पाणी आणून आमच्या गाडीभोवतीच्या मातीवर शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. तेवढ्यात एक ट्रक आत वळत होता. "ए, तिकडं लाव!" त्या कमरेवर हात ठेवून ओरडल्या. "इकडं दवाखाना चालू हाय."

ट्रक मुकाट्याने तिकडे गेला.

संध्याकाळची बॅग झाली. जेवण म्हणजे बिनमिठाची तुरीची डाळ, पोळ्या, वांग्याची भाजी; श्रीकांतच्या ताटातली वेगळी करून दिली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. दोघांचं जेवण भोपाळमधल्या एका कॉफीच्या भावात झालं. थंडी मरणाची होती. आम्ही एकमेकांशी न बोलता झोपलो.

सकाळी मला जाग आली ती स्क्रू पडण्याच्या आवाजाने. श्रीकांत मांडी घालून कपाटापुढे बसला होता. दारं काढून झाली होती. कप्पे एकावर एक रचलेले.

मी उठून शेजारी बसले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे कपाट मी केलं तेव्हा मला आजार नव्हता. तेव्हा वाटलं होतं, यात आपले कपडे, तुझ्या साड्या, आणि खालच्या खणात रमची बाटली ठेवीन. त्यात ही खोकी ठेवावी लागली ना, तेव्हाच खरं तर मला ते नको झालं होतं. पण काढायचा धीर होत नव्हता."

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खालची बाजू सोडवायला लागले. कारखान्यातल्यासारखं. फक्त या वेळी दोघंही तोडत होतो.

कपाट दुर्गाबाईंना दिलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग त्यावरून हात फिरवून बघितला आणि पोरांना हाक मारली. दुपारपर्यंत ते ढाब्याच्या भिंतीला उभंही राहिलं.

बस आली, टपावरून टायर उतरला. मी वर्ष बघितलं, प्लाय बघितला. टायर चढवला, टाकीत पाणी तळाला लागेल एवढंच ठेवलं, खोकी पुढे उजवीकडे पट्ट्यांनी बांधली, दोन्ही फुग्यांत सारखी आणि आधीपेक्षा कमी हवा. पुन्हा धर्मकाट्यावर गेलो. काट्यावरच्या माणसाने लांबूनच हात जोडले. पण मागच्या डाव्या कोपऱ्याचा आकडा कागदावर उतरला तेव्हा तोही डोकावून बघायला आला. मर्यादेच्या चांगलाच आत. गाडी आपली आपणच सरळ उभी होती.

"अब नाचेगी नहीं?" त्याने विचारलं.

"अब चढ़ेगी," श्रीकांत म्हणाला.

बरेठा, बैतूल, परतवाडा

बरेठा घाटात एका वळणावर एक ट्रक कडेला कलंडलेला होता. संत्री रस्ताभर. ड्रायव्हर ठीक होता, दगडावर बसून बिडी ओढत होता. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

बैतूलला पाणी भरलं, तेही लागेल तेवढंच. वाटेत नळ भरपूर आहेत, पाण्याची टाकी वाहत नेण्यात शहाणपण नाही. मुक्काम तिथेच एका लॉजच्या आवारात केला. दुसऱ्या दिवशी भैंसदेहीमार्गे परतवाडा. रस्ता अरुंद, वळणांचा, पण डोळ्यांना सुख. सीमा ओलांडली तशा दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या आणि श्रीकांत पाट्या मोठ्याने वाचायला लागला. सलून, कृषी केंद्र, रसवंती, सगळं. चाळीस वर्षं भोपाळच्या हिंदीत काढलेल्या माणसाला 'येथे पंक्चर काढून मिळेल' हे वाचून एवढा आनंद होताना मी पहिल्यांदा बघितला.

परतवाड्यात त्याचं जुनं घर आता नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. तो खाली उतरला नाही. "चल," म्हणाला, "डोंगर तिथेच आहेत."

चिखलदऱ्याचा घाट चढताना मी दोनदा थांबले, टायरला हात लावला. चारही कोमट. पाटे आणि फुगे आपापलं काम करत होते. वळणांवर गाडी झुलत होती पण हेलपाटत नव्हती. श्रीकांत माझ्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून, पोटावर उशी धरून बसला होता आणि प्रत्येक वळणाआधी मला सांगत होता की आता डावीकडे दरी दिसेल. प्रत्येक वेळी ती उजवीकडे दिसली.

देवी पॉइंटजवळ गाडी लावली. दुपारच्या बॅगेची वेळ झाली होती. मी काचा लावल्या, टेबल पुसलं. बाहेर नागपूरच्या सहलीची गर्दी होती, एक बाई काचेतून आत डोकावून नवऱ्याला म्हणाली, "पहा ना, आजारी माणसाले कुठं कुठं घेऊन येतात लोक. घरी आराम करू द्यायचा की नाही?"

श्रीकांतने ते ऐकलं. हुकाला टांगलेल्या बॅगेकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "वैजू, तिला सांग, आराम करून कंटाळा आला."

पाणी उतरून झालं. नळी बंद केली, टोपण लावलं. मग आम्ही बाहेर गेलो, हळूहळू, त्याचा हात माझ्या खांद्यावर. कड्याच्या कठड्याशी घडीची खुर्ची उघडली. खाली दरीत ऊन आणि सावली यांचे लांबच लांब पट्टे होते, आणि पार तळाशी, धुक्यासारख्या धुळीत, सपाटी.

"ते परतवाडा," त्याने बोट दाखवलं. मला काही दिसलं नाही. "तिथून मी इकडे बघायचो. आज इकडून तिकडे बघतोय. बस. झालं माझं."

तो रडला. मीही रडले. मग आम्ही कॉफी प्यायलो. इथली कॉफी इथेच पिकते, आणि ती साखर न घालता प्यावी. रबडी मात्र मी एकटीने खाल्ली, त्याच्या देखत, त्याच्या आग्रहावरून.

परत

तीन रात्री वर राहून आलो. परतताना शाहपूरला दुर्गाबाईंकडे जेवलो नाही कारण ढाबा गच्च भरला होता. त्यांनी लांबूनच हात हलवला. घरी पोचलो तर मुक्ता फाटकात उभी. पुण्याहून आली होती, भांडायलाच. पण बाबांचा उन्हाने रापलेला चेहरा बघून तिने आधी त्यांच्या पोटावरची पट्टी बघितली, मग नाडी बघितली, मग त्यांना मिठी मारली. भांडण दुसऱ्या दिवशी केलं, आणि नीट केलं. माझं म्हणणं तिला अजूनही पटलेलं नाही. तिचं मला पटलेलं नाही.

लोक विचारतात, प्रवासाने तब्येत सुधारली का? नाही. प्रवासाने मूत्रपिंडं सुधारत नाहीत. मार्चमध्ये त्याला आठवडाभर हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले याचा प्रवासाशी संबंध नाही, तरी सोनागिरीभर तो जोडला गेलाच. हॉस्पिटलात तो शेजारच्या पलंगांवर चिखलदरा सांगत होता. तेवढं मात्र त्याच्याकडे आहे, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात एक फोन आला. अनोळखी बाई, आनंद नगरच्या. हॉस्पिटलात त्यांच्या नवऱ्याचा पलंग श्रीकांतच्या शेजारी होता. आवाज अकोल्याकडचा, दबलेला. मागे कोणी ऐकत असावं तसा.

"ताई, यांना एकदा ओंकारेश्वर पाहायचं आहे हो. पोरं नाही म्हणतात. जाऊबाई, दीर, सगळेच नाही म्हणतात. तुम्ही गेल्या ना? मग सांगा न, कोणाकोणाची परवानगी लागते?"

"डॉक्टरांची," मी म्हटलं. "आणि टायरची. बाकी कोणाची नाही."

 मग त्या हसल्या, आणि आता त्यांचा आवाज दबलेला नव्हता.

"थांबा ताई," त्या म्हणाल्या, "पेन आणते."